काल नीट छापलं, आज पुन्हा बिघडलं: डॉट मॅट्रिक्स आणि वर्डस्टारची जोडी जमवताना

रविवारी रात्री शेवटचं पान झकास छापून निघालं. प्रिंटर बंद केला, कागद फाडला, वर झाकण टाकलं. सोमवारी संध्याकाळी तीच फाइल, तोच प्रिंटर, आणि छापलेल्या प्रत्येक ओळीखाली एक कोरी ओळ. मधल्या वेळात कशाला हातही लावला नव्हता. महिन्याभरात हे चौथ्यांदा झालं तेव्हा मी दुरुस्ती थांबवली आणि आधीच्या तीन वेळा नेमकं काय काय केलं होतं ते लिहून काढलं. एकदा वर्डस्टारच्या मांडणीत हात घातला होता, एकदा प्रिंटरच्या स्विचमध्ये, आणि एकदा नुसतंच बंद-चालू केलं होतं. दर वेळी पान सुधारलं, आणि दर वेळी पुढच्या बिघाडाची सोयही मीच करून ठेवली.

माझ्याकडे नऊ पिनांचा, एप्सनची ईएससी/पी भाषा समजणारा प्रिंटर आहे. पॅरलल पोर्ट असलेला जुना पीसी आहे आणि त्यावर डॉसमध्ये वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्रॅम चालतो. तुमच्याकडे चोवीस पिनांचा प्रिंटर असेल, वर्डस्टारच्या जागी वर्डपरफेक्ट असेल, तरी दुखणं याच जातीचं असतं. आदेशांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं. कोड दशमान आकड्यांत दिले आहेत, म्हणजे कुठलंही मॅन्युअल उघडून ताडून पाहता येतील.

सेटिंग राहतं कुठे?

जुन्या प्रिंटरचं एखादं सेटिंग तीन जागी मुक्काम करू शकतं. पहिली जागा डीआयपी स्विच. मागच्या बाजूला किंवा झाकणाखाली असलेले हे बारके खटके बहुतेक प्रिंटर फक्त चालू होताना वाचतात. चालू प्रिंटरमध्ये खटका हलवला तर तेव्हा काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी, आपण विसरून गेल्यावर, त्याचा परिणाम दिसतो. दुसरी जागा प्रिंटरची मेमरी. संगणकाने पाठवलेले एस्केप कोड, म्हणजे छापायची अक्षरं नसून प्रिंटरला दिलेले आदेश, इथे ठाण मांडतात आणि प्रिंटर बंद होईपर्यंत किंवा २७, ६४ हा रीसेटचा कोड येईपर्यंत हलत नाहीत. तिसरी जागा सॉफ्टवेअरची स्वतःची मांडणी: जुन्या वर्डस्टारमध्ये इन्स्टॉल करताना केलेले बदल, १९८७च्या ४.० मध्ये डब्ल्यूएसचेंजमधून केलेले बदल, वर्डपरफेक्टमध्ये पीआरएस या शेपटाची फाइल. हे डिस्कवर असतं म्हणून टिकतं, पण त्या डिस्कवरच्या त्या प्रतीपुरतंच.

एवढं डोक्यात बसलं की बिघाडाच्या तऱ्हेवरूनच जागा कळायला लागते. संध्याकाळी चाललं आणि सकाळी गेलं, तर ते मेमरीत होतं. बदल केला तेव्हा फरक पडला नाही आणि नंतर आपोआप पडला, तर तो खटका. एका फ्लॉपीवरून नीट छापतं आणि दुसरीवरून नाही, तर सॉफ्टवेअरची प्रत. माझ्या बाबतीत तिन्ही होतं, म्हणूनच महिना गेला.

आधी प्रिंटरला एकट्याला गाठा

केबल काढा. प्रिंटर बंद करा, लाइन फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा. एप्सनचे आणि त्या घराण्यातले बहुतेक प्रिंटर संगणकाशिवाय स्वतःच अक्षरमाला छापू लागतात. काही मॉडेल तर सुरुवातीला खटक्यांची सध्याची स्थितीही छापून देतात.

या पानावरच्या अक्षरांमधून आडवी पांढरी रेघ गेली असेल तर एक पिन मेली आहे किंवा शाईच्या गाळात अडकली आहे. सगळंच पुसट असेल तर रिबन बघा, आणि कागदाच्या जाडीचा दांडा जाड कागदावर राहिला नाही ना तेही बघा. उभी रेघ ओळीओळीला डावीउजवीकडे सरकत असेल तर जाताना आणि येताना छापण्याची जुळणी बिघडली आहे. यातलं काहीही वर्डस्टारमध्ये बसून सुटणार नाही. मी एकदा पिन अडकलेल्या प्रिंटरसाठी तीन वेगवेगळे ड्रायव्हर लावून पाहिले आहेत, त्यामुळे हे जरा ठासून सांगतोय.

पान स्वच्छ आलं तर पुढचं हत्यार काढा: हेक्स डंप. माझ्या पाहण्यात हे फार कुणी वापरत नाही, आणि निम्मे वाद इथेच मिटतात. प्रिंटर बंद करून लाइन फीड आणि फॉर्म फीड ही दोन्ही बटणं एकदम दाबून चालू करायचा. आता येणारा प्रत्येक बाइट तो पाळत नाही, त्याचा सोळाच्या पद्धतीतला (हेक्स) आकडा छापतो. केबल जोडा आणि वर्डस्टारमधून एकच शब्द असलेली फाइल पाठवा. मी ‘टेस्ट’ हा इंग्रजी शब्द पाठवला तेव्हा कागदावर ७४ ६५ ७३ ७४ अशी रांग आली. त्यामागे ०डी ०ए यायला हवं होतं, म्हणजे दशमानात १३ आणि १०: आधी डोकं डावीकडे नेणारा कॅरेज रिटर्न, मग कागद एक ओळ पुढे सरकवणारा लाइन फीड.

ते आलंच नाही. मी अर्धा तास वर्डस्टारला दोष देत बसलो. मग वैतागून प्रिंटर ऑफलाइन करायला ऑनलाइनचं बटण दाबलं आणि टर्र करून उरलेली रांग बाहेर पडली. हेक्स डंपमध्ये ओळ भरल्याशिवाय प्रिंटर छापत नाही. शेवटची अर्धवट ओळ त्याच्या पोटात राहते आणि ऑफलाइन केल्यावरच बाहेर येते. ०डी ०ए तिथेच बसले होते, पहिल्यापासून.

ओळींमधली कोरी ओळ

वर्डस्टार १३ आणि १० दोन्ही पाठवत होता. तरी कोरी ओळ येत होती, म्हणजे प्रिंटर १३ आल्यावर स्वतःच्या मनाने आणखी एक १० घालत होता. यालाच ऑटो लाइन फीड म्हणतात आणि बहुतेक प्रिंटरमध्ये त्याचा वेगळा खटका असतो. हा खटका मुळात ठेवला कशाला, तर सगळे संगणक एका रीतीने वागत नव्हते म्हणून. टीआरएस-८० सारखी यंत्रं ओळीअखेर नुसता १३ पाठवायची आणि कागद सरकवणं प्रिंटरवर सोडायची. आयबीएम पीसी दोन्ही पाठवतो. दोघांनीही ओळ सरकवली की पान दुप्पट लांब होतं, आणि कुणीच सरकवली नाही तर सगळा मजकूर एकाच ओळीवर काळाकुट्ट गिचमिड होऊन बसतो. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं.

आता माझी चूक. पहिल्या वेळी मला खटका ठाऊक नव्हता, म्हणून मी वर्डस्टारच्या इन्स्टॉलमध्ये जाऊन ओळ संपवणाऱ्या कोडमधला १० काढला आणि नुसता १३ ठेवला. पान सुधारलं. दोन दिवसांनी दुसऱ्या फ्लॉपीवरच्या वर्डस्टारमधून छापलं, तर कोरी ओळ परत. डॉसमधून फाइलींची यादी काढायला ‘डीआयआर > पीआरएन’ केलं, तिथेही कोरी ओळ. मग खटका सापडला, तो बंद केला, दोन्ही ठीक झाले, आणि पहिल्या फ्लॉपीवरचं वर्डस्टार गिचमिड करू लागलं.

यातून मार्ग काढताना एका गोष्टीने निकाल दिला: अधोरेखित शब्द. वर्डस्टारच्या साध्या प्रिंटर मांडणीत ठळक आणि अधोरेखित मजकूर एकाच ओळीवर दोनदा छापून काढतात. एकदा ओळ छापायची, नुसता १३ पाठवून डोकं डावीकडे आणायचं, कागद तिथेच ठेवायचा आणि वरून रेघ मारायची. ऑटो लाइन फीड चालू असेल तर त्या मधल्या १३ लाही कागद सरकतो आणि रेघ शब्दाखाली येण्याऐवजी पुढच्या ओळीत एकटीच पडते. म्हणजे नुसता १३ पाठवणं आणि बाकी प्रिंटरवर सोडणं हा उपाय साध्या मजकुरापुरताच चालतो. पीसीवर योग्य मांडणी एकच: खटका बंद, सॉफ्टवेअरने दोन्ही पाठवायचे. खटका हलवण्याआधी प्रिंटर बंद करा, पाच-दहा सेकंद थांबा, मग चालू करा, आणि मांडणी जिथे जिथे ‘सुधारली’ असेल तिथे तिथे ती मूळपदावर आणा. हे शेवटचं काम राहिलं की दुखणं परत येतंच.

खटका बंद आहे, हेक्स डंपमध्ये १३ आणि १० एकेकदाच दिसताहेत आणि तरी कोरी ओळ येते? मग केबल. छत्तीस पिनांच्या सेंट्रॉनिक्स जोडणीत १४ क्रमांकाची तार ऑटो फीडची आहे. ती जमिनीला जोडली गेली की खटका काहीही म्हणो, प्रिंटर प्रत्येक १३ मागे कागद सरकवतो. दुसरी केबल लावून पाहणं हा सोपा तपास. पीसीच्या पोर्टवर हीच तार सॉफ्टवेअरलाही ओढता येते, त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमने ती ओढून ठेवली असेल तर तो बंद केल्यावरही परिणाम राहू शकतो. अशा वेळी पीसी पुन्हा सुरू करून थेट वर्डस्टारमध्ये जा आणि छापून पाहा.

पान सरकतं

हे खरं छळणारं दुखणं, कारण पहिल्या पानावर काही कळत नाही. दुसऱ्या पानाचं शीर्षक जरा वर येतं, तिसऱ्याचं आणखी वर, आणि पाचव्या पानाला मजकूर थेट कागदाच्या छिद्रांच्या घडीवर छापला जातो.

हिशेब साधा आहे. नेहमीच्या मांडणीत एका इंचात सहा ओळी बसतात. ११ इंची कागदावर ६६ ओळी, १२ इंचीवर ७२, आणि ए४ उंचीच्या सलग कागदावर, म्हणजे सुमारे ११ इंच आणि दोन तृतीयांश, ७० ओळी. या तीन आकड्यांपैकी एक आकडा वर्डस्टारला माहीत असतो, एक प्रिंटरला, आणि एक प्रत्यक्ष कागदात असतो. तिघांचं जमलं नाही की पान सरकतं. म्हणून सगळ्यात आधी पट्टी घ्या आणि घडीपासून घडीपर्यंत कागद मोजा. खोक्यावर काय लिहिलंय ते सोडा.

मग सरकण्याची दिशा आणि माप बघा. दर पानाला मजकूर बरोबर एक इंच वर चढत असेल, तर कागद १२ इंची आहे आणि वर्डस्टार ६६ ओळींचं पान धरतोय. एक इंच खाली उतरत असेल तर तीन शक्यता आहेत. एक, कागद ११ इंची आणि वर्डस्टार ७२ ओळी मोजतोय. दोन, वर्डस्टार फॉर्म फीड, म्हणजे कागद पुढच्या पानाच्या माथ्यावर नेण्याचा कोड, पाठवतोय पण प्रिंटरचा पानाच्या उंचीचा खटका १२ इंचावर आहे. तीन, आणि हे ओळखायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, प्रिंटरचा घडी ओलांडायचा खटका चालू आहे. त्यात प्रिंटर पानाच्या तळाशी एक इंच स्वतःहून उडी मारतो. पण वर्डस्टारने तळाचा समास आधीच ओळी मोजून सोडलेला असतो. साठाव्या ओळीनंतर प्रिंटर थेट पुढच्या पानावर गेला, वर्डस्टार मात्र उरलेल्या सहा ओळी पाठवतच राहिला, आणि दुसरं पान सहा ओळी खाली सुरू झालं. समास सॉफ्टवेअर सोडत असेल तर हा खटका बंदच हवा.

दर पानाला दोनच ओळी सरकत असतील तर बहुधा ए४ आणि १२ इंच यांची गल्लत आहे: ७० आणि ७२. चार ओळी म्हणजे ६६ आणि ७०. आणि सरकणं ओळींच्या मापात बसतच नसेल, कधी दोन मिलिमीटर, कधी पाच, तर आकड्यांचा नाद सोडा आणि कागदाकडे बघा. ट्रॅक्टरचे दाते कागद ओढत असताना रूळ दाबणारा दांडाही दाबलेला राहिला की दोघांची ओढाताण होते. सलग कागदासाठी तो दांडा मोकळा हवा. मागचा कागदाचा गठ्ठा कुठे अडतोय का तेही बघा. माझा गठ्ठा टेबलाच्या कडेला घासत होता आणि मी प्रिंटर उघडून बसलो होतो.

वर्डस्टारमध्ये पानाची उंची ‘.पीएल’ या बिंदू-आदेशाने ठरते: ‘.पीएल ७२’ म्हणजे ७२ ओळी. हा आदेश फाइलीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या रकान्यापासून लिहायचा. बिंदूच्या आधी एक मोकळी जागा राहिली तरी तो मजकूर म्हणून छापला जातो. मूळ मांडणीत वर तीन आणि खाली आठ ओळी समासाला जातात, म्हणून ६६ पैकी मजकुराला ५५ उरतात. उंची बदलली की हा उरलेला आकडाही बदलतो, आणि जुन्या फाइलींची पानं वेगळ्या जागी तुटतात. हा बिघाड नाही.

आता तेच पान काल बरोबर आणि आज सरकतं, याचं कारण. वर्डस्टार ३.३ मध्ये छापायला सांगितलं की फाइलीच्या नावानंतर तो एकेक प्रश्न विचारतो: डिस्कवर छापायचं का, कुठल्या पानापासून, कुठपर्यंत, फॉर्म फीड वापरायचे का, पानाची मांडणी गाळायची का, पानांमध्ये थांबायचं का. नावानंतर एंटर दाबलं तर प्रश्न येतात. एस्केप दाबलं तर सगळे टळतात आणि ठरीव उत्तरं घेतली जातात. फॉर्म फीडचं ठरीव उत्तर ‘नाही’. म्हणजे निवांत असताना मी एंटर दाबून ‘होय’ म्हणायचो आणि प्रिंटर स्वतःच्या पानाच्या हिशेबाने पुढे जायचा. घाईत एस्केप दाबायचो आणि वर्डस्टार ओळी मोजून कागद सरकवायचा. प्रिंटरला १२ इंच माहीत, वर्डस्टारला ६६ ओळी. त्यामुळे घाई असली की बिघाड, नसली की नाही! मला वाटायचं, गरम झाल्यावर प्रिंटर चुकतो.

मांडणी गाळण्याच्या प्रश्नाला चुकून ‘होय’ गेलं तर बिंदू-आदेश जसेच्या तसे कागदावर उमटतात. तेवढं ओळखून ठेवा.

पानाचा माथा कुठे, हेही प्रिंटर बघत नाही, धरून चालतो. चालू होताना कागद ज्या ओळीवर असेल तोच माथा. म्हणून आधी घडी डोक्याच्या पातळीला आणायची, मग चालू करायचा. एकदा चालू केल्यावर बाजूच्या चकतीने कागद फिरवायचा नाही: माथा चुकतो, आणि दातेरी चाकांवरही ताण येतो. कागद सरकवायचाच असेल तर ऑफलाइन करून लाइन फीडचं बटण वापरा आणि घडी पुन्हा डोक्यापाशी आली की बंद करून चालू करा. वाटेत थांबवलेल्या छपाईनंतर पुढची सगळी पानं सरकलेली येतात, ती बहुतेक याचमुळे.

अक्षरं वेगळीच येतात

एकदा वर्डस्टारमध्ये न जाता मी फाइल थेट डॉसमधून ‘कॉपी’ करून एलपीटी१ कडे, म्हणजे पॅरलल पोर्टकडे, पाठवली. मजकूर आला, पण प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर तिरपं. फक्त शेवटचं. इतका नेटका बिघाड मी तोवर पाहिला नव्हता.

कारण कळल्यावर मात्र गंमत वाटली. जुना वर्डस्टार दस्तऐवजाच्या फाइलीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवतो, दोन्ही समास सारखे करताना शब्द कुठे संपतो ते कळावं म्हणून. म्हणजे अक्षराच्या आकड्यात १२८ मिळवले जातात. आणि एप्सनच्या मूळ अक्षरसंचात १६० च्या पुढे काय आहे? तीच अक्षरं, तिरप्या वळणाची. इंग्रजी ‘ई’चा आकडा १०१, त्यात १२८ मिळवले की २२९, तिथे तिरपा ‘ई’. प्रिंटरवर ग्राफिक्सचा अक्षरसंच निवडला असेल तर त्याच २२९ वर ग्रीक सिग्मा आहे, मग शब्दांच्या शेवटी सिग्मा आणि एप्सिलॉनची रांग लागते. फाइल बिघडलेली नसते. ती वर्डस्टारच्या आतून छापायची, किंवा डिस्कवर छापून मिळालेली फाइल पाठवायची.

याची उलटी तक्रार म्हणजे चौकटी. पडद्यावर सरळ दिसणाऱ्या दुहेरी रेघांच्या चौकटी कागदावर तिरप्या इंग्रजी अक्षरांच्या रांगा होऊन येतात. वरचं वाचलं असेल तर कारण कळलंच असेल: अक्षरसंच तिरप्यांचा आहे, हवा ग्राफिक्सचा. खटका असेल तर तो बदला, नसेल तर २७, ११६, १ हा कोड पाठवा. प्रिंटरला आयबीएम प्रोप्रिंटरच्या चालीवर टाकूनही रेघा येतात, पण मग सॉफ्टवेअरमध्येही तोच प्रिंटर निवडावा लागतो, कारण दोघांचे कोड सगळे जुळत नाहीत. एप्सनमध्ये २७, ५२ म्हणजे तिरपं वळण. प्रोप्रिंटरमध्ये त्याच आकड्यांनी पानाचा माथा ठरतो. अशा जोडीत शब्द तिरपे तर होत नाहीतच, वर पानं सरकू लागतात आणि आपण पुन्हा कागद मोजत बसतो.

# च्या जागी £ आला तर देशाचा खटका ब्रिटनवर आहे. पानाच्या माथ्यावर & आणि त्यामागे आकडे-अक्षरांची निरर्थक शेपटी आली तर सॉफ्टवेअरमध्ये लेझर प्रिंटर निवडलेला आहे. दोन्ही दोन मिनिटांची कामं.

मागच्याचं उष्टं

दुपारी स्प्रेडशीटचा रुंद तक्ता छापला आणि संध्याकाळी वर्डस्टारची पानं बारीक दाटीवाटीच्या अक्षरांत आली, तर स्प्रेडशीटने १५ हा कोड पाठवून अक्षर आवळलं आणि जाताना १८ पाठवून मोकळं केलं नाही. प्रिंटर बंद-चालू केला की जातं, म्हणून याला कुणी बिघाड समजत नाही आणि ते महिनोन्‌महिने येत राहतं.

यावर मी एक छोटी फाइल केली आहे. तिच्यात आधी २७, ६४ म्हणजे रीसेट, मग २७, ११६, १ म्हणजे ग्राफिक्सचा अक्षरसंच, मग २७, ६७, ७२ म्हणजे ७२ ओळींचं पान. क्रम महत्त्वाचा, रीसेट शेवटी टाकला तर आधीचं सगळं पुसलं जातं. डॉसच्या एडिटमध्ये कंट्रोल-पी दाबून मग एस्केप दाबलं की २७ उमटतो. ६४, ११६, ६७ आणि ७२ ही साधी छापील चिन्हं आहेत, आणि १ साठी कंट्रोल-पी मागोमाग कंट्रोल-ए. फाइल पाठवताना ‘कॉपी /बी’ वापरा. /बी नसेल तर वाटेत २६ हा आकडा आला की डॉस फाइल संपली असं समजून थांबतो. या फाइलीत २६ नाही, पण चित्रांच्या फाइलींत हमखास असतो, तेव्हा सवय लागलेली बरी.

ही ओळ आणि त्याखाली वर्डस्टार सुरू करणारी ओळ अशी दोन ओळींची बॅच फाइल मी लावली आहे. पानाच्या उंचीचा कोड आला की प्रिंटर त्या क्षणीच्या जागेला माथा मानतो, म्हणून घडी डोक्यापाशी असतानाच ती चालवायची. याच कोडांना वर्डस्टारच्या मांडणीत प्रिंटर सुरू करण्याच्या कोडांची जागाही आहे. पण तिथे टाकलं की ते पुन्हा त्या एका प्रतीपुरतं राहतं, आणि त्याची शिक्षा मी भोगलेली आहे.

नव्या संगणकावरून

पॅरलल पोर्ट नसलेल्या संगणकाला यूएसबी-पॅरलल केबल लावली की प्रिंटर विंडोजला दिसतो, पण डॉसच्या प्रोग्रॅमला हवा असलेला खरा पोर्ट तयार होत नाही. केबल यूएसबी प्रिंटर म्हणून वावरते. त्यातून ६४ बिटांची विंडोज १६ बिटांचे डॉस प्रोग्रॅम चालवतच नाही, त्यामुळे जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारं डॉसबॉक्स-एक्स सारखं काही लागतं. त्याच्या मांडणीत ‘पॅरलल१’ ला खरा पोर्ट, फाइल किंवा आभासी प्रिंटर यांपैकी काहीही जोडता येतं. यूएसबी केबल असेल तर मी फाइलीची वाट घेतो: वर्डस्टारने पाठवलेले बाइट फाइलीत, आणि ती फाइल जशीच्या तशी प्रिंटरकडे. विंडोजमध्ये ड्रायव्हर ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ठेवा. प्रिंटरचा स्वतःचा ड्रायव्हर लावला तर तो मजकुराचं चित्र करू पाहतो आणि वर्डस्टारच्या कोडांशी भांडतो.

छपाई प्रोग्रॅममधून बाहेर पडल्यावरच निघते, ही तक्रार इथे नेहमीची. पोर्ट कधी ‘संपला’ हे डॉसचा प्रोग्रॅम सांगत नाही, म्हणून मधलं सॉफ्टवेअर वाट बघत बसतं. डॉसबॉक्स-एक्समध्ये फाइलीच्या मांडणीत ‘टाइमआउट’ देता येतो; दोन-तीन सेकंद पुरतात, फार कमी दिला तर एका दस्तऐवजाचे तुकडे होतात. खरा पोर्ट असलेल्या मधल्या काळातल्या पीसीवर बायोसमध्ये पोर्टची चाल ईसीपीवर असेल तर ती साधी, एसपीपी, करून पाहा.

वर्डपरफेक्ट ५.१ वाल्यांसाठी एकच. एक पान छापून प्रिंटर बीप देत थांबत असेल तर कागदाच्या प्रकारात तो हाताने घालायचा आहे असं धरलंय. तात्पुरतं शिफ्ट-एफ७, मग ४, मग ४ दाबून पुढे ढकला; कायमचं करायचं तर कागदाच्या व्याख्येत जागा ‘कंटिन्युअस’ करा आणि ती पीआरएस फाइलीत जपली गेली का पाहा.

राहता राहिलं शेवटचं कोरं पान. छपाई संपली की माझा प्रिंटर अजूनही कधीकधी एक अख्खं पान उगाच बाहेर टाकतो. शेवटचं पान ओळी मोजून काठोकाठ भरलं, कागद पुढच्या माथ्यावर आला आणि मग वर एक फॉर्म फीड आला की हे होतं: प्रिंटर आज्ञाधारकपणे त्याच्याही पुढच्या माथ्यावर जातो. डॉसबॉक्स-एक्समध्ये फॉर्म फीड जोडण्याचा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. खऱ्या पीसीवर मी फाइलीच्या अखेरीस उरलेल्या रिकाम्या ओळी काढून टाकतो, पान काठाशी यायच्या आत संपतं आणि कोरा कागद वाचतो.